एक उचल जास्त

फ्रिजच्या दारावर काळ्या मार्करनं काढलेलं झाड
सकाळपर्यंत अर्धं पुसलेलं असतं.
दूध काढताना कोणाची तरी बाही
डाव्या फांदीवरून फिरते,
आणि सात, अकरा, चौदा हे आकडे
माझ्या मुलाच्या कोपराला लागून शाळेत जातात.

ह्या लोकांचं झाड उलटं. मूळ वर, पानं खाली.
अरे, असलं झाड तू कुठे बघितलंस?
निकानोरला मी पहिल्याच दिवशी विचारलं.
तो शेजारचा, वय एकोणीस, ओठावर नुसती लव.
म्हणाला, सेन्योरा यास्ना,
हे बघायचं नसतं, उतरायचं असतं.

सव्वीस वर्षं मी चढतच होते.
सान आंतोनियोच्या धक्क्यावर, चाळीस मीटर वर,
काचेची केबिन, पायाखालीही काच,
आणि खाली दोन एलेउतेरियोचं पिवळं हेल्मेट
मोहरीएवढं.
कंटेनरवर कंटेनर, पाच थर.
तळाचा हवा असेल तर वरचे चार आधी हलवा.
चेरीच्या मोसमात थंड डबे नेमके तळाशी निघायचे
आणि जहाज भोंगा वाजवत राहायचं.
ह्याला पुस्तकात स्टॅक म्हणतात,
समजावायला अख्खं पान घेतात.
आम्ही ह्याला शिवी द्यायचो.
एकच, लहानशी.

मग क्रेन आपली आपणच चालायला लागली.
निरोपाला केक होता, केकवर साखरेची क्रेन.
मला ती खाववेना.
मुलानं खाल्ली, कडाकडा.

आता रात्री पाव, चहा आणि निकानोर.
तो म्हणतो, हे फंक्शन स्वतःलाच हाक मारतं,
आत पुन्हा स्वतःलाच, त्याच्याही आत स्वतःलाच.
म्हणून कुठे थांबायचं ते पहिल्या ओळीत लिहा.
माझ्या लग्नाआधी हे कोणी का नाही सांगितलं,
मी म्हटलं.
तो लाजला, पावाचा तुकडा मोडत बसला.

मंगळवारी अकरा वाजता मुलाखत.
पडद्यावर सांतियागोचा बाल्तासार,
मागे कुंडीत एक झाड, सुलटं.
तुमच्याकडे दोन थप्प्या आहेत, तो म्हणाला,
जो आधी आला तोच आधी बाहेर पडला पाहिजे.
टेबलाखाली माझे हात आपोआप हलले,
डावा आडवा, उजवा उभा.
एकीतले सगळे दुसरीत रचायचे, मी म्हणाले.
तळाचा आपसूक वर येतो.
पण दर वेळी हा उद्योग नाही,
दुसरी रिकामी झाली तरच.
नाहीतर डिझेल फुकट जळतं.
डिझेल? तो म्हणाला.
वेळ, मी म्हणाले.
प्रत्येक डबा इकडून तिकडे एकदाच.
दुसऱ्यांदा हलवलात तर दोन एलेउतेरिओ खालून ओरडतो.

त्यानं काहीतरी टाइप केलं.
बराच वेळ टाइप केलं.
मग पाच अनोळखी शब्द विचारले,
त्यांतले तीन मला आले नाहीत.
कळवू, म्हणाला.

ह्याला आज अकरा दिवस झाले.
निकानोर रोज दारातून भुवई उंचावतो,
मी मान हलवते, तो चपला काढतो.

संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेले
तर बंदर अख्खं उजळलेलं.
माझी क्रेन, तिसरी, चालू होती.
केबिनमध्ये दिवा, खुर्ची, आणि कोणी नाही.
ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून मी मोजत उभी राहिले.
तिनं निळा उचलला, लाल रांगेवर ठेवला,
खालचा पांढरा नेला,
मग परत आली आणि तोच निळा पुन्हा उचलून
पलीकडे नेला.
पलीकडे जागा मघापासून रिकामी होती.
मला इथून दिसत होती.

एक उचल जास्त.

खाली आले. झाड पुसलं, राहिलेल्या फांद्यांसकट.
पाच थर काढले, चार रांगा.
मार्कर संपत आलाय, दर रेघेला झटकावा लागतो.
निकानोरला यायला अजून तास आहे.
निळ्यापासून सुरुवात केली.